तेरा डिसेंबरचा चुरा

“हात काही आंधळे झालेले नाहीत माझे,” असं म्हणून दोन्ना रोझोलिनाने सुनेच्या हातातली किसणी ओढून घेतली.

म्हातारी खिडकीजवळच्या खुर्चीत तीन उशांना टेकून बसली होती. दोन्ही डोळ्यांवरून डोक्याभोवती जाड पांढरी पट्टी. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, काढला होता तूर्त डाव्याच डोळ्याचा, पण उजवा फिरला की डावाही त्याच्यामागून फिरतो, म्हणून डॉक्टर त्राइनांनी दोघांनाही बांधून टाकलं होतं. मांडीवर परात, परातीत किसणी आणि मुठीत तीन दिवसांचा कडक झालेला पाव. खर्र, खर्र, खर्र असा आवाज घरभर घुमायला लागला.

“आई, मान हलवायची नाही म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी.”

“मान कुठे हलतेय? मनगट हलतंय. आणि तुझ्या चुऱ्यात खडे राहतात, ओलीवा. गेल्या वर्षीचे आरांचीने आठव. दात पडायचा राहिला माझा.”

गेल्या वर्षीचा चुरा रोझोलिनानेच किसला होता, पण ओलीवा बोलली नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. कुठे बोलायचं नाही, ते तिला आता पाठ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तेरा डिसेंबर, म्हणजे सांता लुचियाचा दिवस. माणसांचे डोळे सांभाळणारी ती संत. कधी काळी पालेर्मोत मोठा दुष्काळ पडला होता आणि नेमकं याच दिवशी गव्हाने भरलेलं जहाज बंदराला लागलं. लोक इतके भुकेजलेले की दळायलासुद्धा थांबले नाहीत, गहू तसाच उकडून खाल्ला. तेव्हापासून त्या दिवशी शहरात पाव नाही, शेवया नाहीत, गव्हाच्या पिठाचं काही म्हणजे काही नाही. बेकऱ्यांना कुलपं लागत. व्रत मोठं कडक. उपाशी मात्र कुणी राहत नसे. भात चालतो ना! घराघरात केशर घातलेला भात शिजे, त्याचे संत्र्याएवढे गोळे वळत, पोटात कुणी खिमा भरी, कुणी लोणी आणि चीज, आणि ते लालसर होईपर्यंत तळत. हेच आरांचीने; एकटा असला की आरांचीना. त्यावर उकडलेल्या गव्हाची खीर, आणि मधे तोंडाला चाळा म्हणून हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या चकत्या. व्रत करून दमलेलं पालेर्मो संध्याकाळी पोटावर हात ठेवून आडवं होई.

रोझोलिना सातव्या वर्षापासून हा दिवस पाळत आली होती. अठ्ठावन्न वर्षांत खंड नाही. लढाईच्या दिवसांत तांदूळ दिसेनासा झाला, तेव्हा तिने नुसते उकडलेले बटाटे खाऊन दिवस काढला, पण पावाला हात लावला नाही. आणि आता डॉक्टर म्हणाले होते, पट्टी तेरा तारखेला चार वाजता सोडू. त्यांनी आपले बोटांवर दिवस मोजले होते. रोझोलिनाने तिथल्या तिथे हात जोडले.

“डॉक्टरसाहेब, तारीख तुम्ही दिली नाहीत. तिने दिलीय.”

“बरं,” डॉक्टर म्हणाले. त्यांना पुढच्या पेशंटकडे जायचं होतं. जाता जाता त्यांनी ओलीवाला बाजूला घेऊन बजावलं, “शिंकायचं नाही, वाकायचं नाही, खदखदून हसायचं नाही, रडायचं तर अजिबात नाही. ओरडायचंही नाही. आणि तेराला पट्टी सोडून थेंब घालायलाच हवेत. दिवस चुकला तर डोळा हातचा जाईल.”

तेव्हापासून ओलीवा रात्रीतून तीनदा उठून सासूची पट्टी बघत होती. कारण ऑपरेशन कर, ऑपरेशन कर म्हणून दोन वर्षं सासूच्या मागे लागली होती ती एकटी ओलीवाच. दोन वर्षांत म्हातारीने कॉफीत मीठ घातलं, इस्त्री समजून तापलेल्या तव्याने गास्पारेचा शर्ट दाबला, आणि एकदा तर रस्त्यात उभ्या असलेल्या टपालपेटीला “काय दोन्ना कार्मेला, बऱ्या ना?” म्हणून विचारलं. पण गल्लीला त्याचं काय? “सुनेने म्हातारीला सुरीखाली घातलं,” असंच बायका एकमेकींना म्हणत. उद्या पट्टी सुटल्यावर अंधारच निघाला, तर या गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती.

तेराची सकाळ उजाडली. भात रात्रीच निवायला पसरून ठेवला होता. ओलीवा पहाटेपासून आरांचीने वळत होती. या वर्षी पहिल्यांदाच सगळं तिच्या हातचं होतं, चुरा सोडून.

“किती वाजले गं?” रोझोलिनाने खुर्चीतून विचारलं.

“आठ.”

थोड्या वेळाने पुन्हा, “किती वाजले?”

“आठ वाजून दहा मिनिटं, आई.”

जेवायच्या वेळेपर्यंत तिने अकरा वेळा वेळ विचारली. ओलीवाला वाटलं, किती उतावीळ झालीय बिचारी.

गास्पारे बसवर कंडक्टर होता. त्या दिवशी रजा घेऊन घरी थांबला होता आणि पायात पायात येत होता. ओलीवाने त्याला खीर आणायला पिटाळला. तो खीर घेऊन आला आणि बरोबर एर्मान्नोलाही घेऊन आला. एर्मान्नो म्हणजे वरच्या खोलीतला भाडेकरू. टेलिफोन खात्याने त्याला नोव्हेंबरात उत्तरेकडून, तोरीनोहून, इकडे पाठवला होता. काटकुळा, चष्मेवाला, अतिशय सज्जन माणूस.

“बंद बेकरीसमोर उभा होता,” गास्पारे म्हणाला. “तिसरी बेकरी ही. संप आहे का म्हणून मला विचारतोय! म्हटलं, चल बाबा जेवायला.”

“बरं केलंस,” रोझोलिना म्हणाली. “सांता लुचियाच्या दिवशी दारातून कुणाला उपाशी पाठवू नये. बस, लेका. वाढ गं त्याला.”

ओलीवाने आरांचीने वाढले. रोझोलिनाने पहिला हातात घेऊन दोन्ही तळव्यांत फिरवून पाहिला, वास घेतला, आणि मग खाल्ला. ओलीवा तिच्या तोंडाकडे बघत होती.

“जमलाय,” रोझोलिना म्हणाली. नऊ वर्षांत हा शब्द ओलीवाने पहिल्यांदा ऐकला. म्हातारीने दुसरा खाल्ला. तिसऱ्याचा अर्धा संपवला. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, तळणीचा धूर जायला खिडकी सताड उघडी होती, आणि खालच्या कोझिमोच्या तळणीच्या दुकानापुढची रांग पार चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गेलेली दिसत होती.

“दोन्ना रोझोलिना, एक विचारू का?” एर्मान्नो म्हणाला.

“विचार की.”

“आज पाव खायचा नसतो, बरोबर?”

“पावाचा कण नाही. पिठाचाही नाही.”

“मग हे वरचं कुरकुरीत, हे काय असतं? फार छान लागतंय.”

“तो चुरा,” गास्पारे तोंडातला घास गिळत म्हणाला.

“कशाचा?”

“पावाचा.”

गास्पारे हे सहज बोलून गेला. आपण काय बोललो, ते त्याला नंतर ऐकू आलं. खालच्या कढईतलं तेल चुरचुरताना ऐकू येऊ लागलं. रोझोलिनाचा हात तोंडाशी थांबला होता. तिने तो अगदी सावकाश खाली आणला आणि अर्धा आरांचीना ताटात ठेवला.

“गास्पारे, काय म्हणालास?”

“काही नाही, आई.”

“पावाचा म्हणालास.”

“अगं आई, चुरा म्हणजे काय पाव थोडाच? पाव मऊ असतो. हा कडक. आणि तो आत कुठे जातो? बाहेरून चिकटतो नुसता.”

“कशाने चिकटतो?” एर्मान्नोने विचारलं. माणूस तांत्रिक कामातला, त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“सोपं आहे. थोडा मैदा घ्यायचा, पाण्यात कालवायचा...” इथे गास्पारेने तोंड मिटलं, पण उशीर झाला होता. ओलीवाने टेबलाखालून लाथ मारली. मारायची होती नवऱ्याला, लागली एर्मान्नोला, आणि तिला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

“म्हणजे पीठसुद्धा,” रोझोलिना म्हणाली.

“लोण्याच्या आरांचीन्यात जो पांढरा दाट रस असतो,” एर्मान्नो पाय चोळत म्हणाला, “तो घट्ट करायलादेखील बहुतेक...”

“एर्मान्नो!” नवरा-बायको एका सुरात ओरडली.

रोझोलिनाने दोन्ही हात मांडीवर ठेवले. “अठ्ठावन्न वर्षं,” ती म्हणाली. “अठ्ठावन्न वर्षं मी तिच्या दिवशी, तिच्या नाकासमोर, पाव खात आले. आणि वर तिलाच मेणबत्त्या लावत आले. म्हणून नेले तिने माझे डोळे. मी म्हणत होते, माझं काय चुकलं, काय चुकलं.”

“आई, असं काही नसतं हो.”

“पट्टी सोडायची नाही.”

“आई!”

“आज सोडायची नाही. आज सोडलीत तर तिने आत अंधार ठेवलेला असेल. मी वर्षभर प्रायश्चित्त करीन. पुढच्या सांता लुचियाला बघू.” तिने नाक ओढलं.

“रडू नका! आई, टाके!”

“मी नाही रडत,” रोझोलिना म्हणाली आणि तिने दोन्ही हातांनी पट्टी डोक्यावर घट्ट दाबून धरली. “हात लावलात तर ओरडेन. सगळे टाके तुटेपर्यंत ओरडेन.”

भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता.

उघड्या खिडकीने त्या दिवशी घात केला. घरातलं प्रत्येक वाक्य खालच्या रांगेवर पडत होतं आणि रांगेतून पुढे सरकत होतं. पाचच मिनिटांत जिन्यावर धपधप पावलं वाजली आणि कोझिमो दारात उभा राहिला. पोटावर तेलकट फडकं, हातात झारा, झाऱ्यावरून तेल ठिबकतंय.

“दोन्ना रोझोलिना, काय चाललंय हे? चुरा म्हणजे पाव, असं कुणी म्हणालं? खाली माझी रांग थिजलीय! एक बाई अर्धा खाल्लेला आरांचीना परत घ्या म्हणतेय. दुसरी रडतेय, तिच्या सासऱ्याला काचबिंदू आहे!”

“खरंच आहे ते, कोझिमो. आपण सगळे पापी आहोत.”

“मी नाही!” कोझिमो छातीवर झारा आपटून म्हणाला. सदऱ्यावर तेलाचं फूल उमटलं. “माझा चुरा तांदळाचा असतो.”

“परवा बेकरीतून शिळे पाव घेऊन गेलास तू, ओलीवाने पाहिलंय,” रोझोलिना म्हणाली.

“ते... ते कबुतरांसाठी.”

“बावीस पाव?”

कोझिमो झारा फडक्याला पुसू लागला. खालून कुणीतरी हाक मारली, “कोझिमो, काय ठरलं? खायचे की नाही?” त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “थांबा जरा! विचारविनिमय चाललाय!” मग तो आत वळून हलक्या आवाजात म्हणाला, “बाराशे केलेत, ओलीवा. बाराशे. पाद्र्यांना बोलवा.”

पाद्रे लिबोरिओंना बोलवावं लागलं नाही. पट्टी सुटायच्या आधी डोळ्यांना आशीर्वाद द्यायला म्हणून ते ठरल्याप्रमाणे अडीच वाजता आपणहून आले. जिना चढेपर्यंत रांगेने त्यांना सगळी हकिगत सांगितली होती, त्यामुळे दारात पाऊल ठेवताना त्यांचा चेहरा उतरलेला होता.

“फादर, तुम्हीच सांगा,” रोझोलिना म्हणाली. पट्टीवरचे हात तिने काढले नव्हते. “चुरा हा पाव आहे की नाही?”

पाद्रे लिबोरिओ खुर्चीत बसले. उठले. पुन्हा बसले. “प्रश्न सोपा नाही, दोन्ना रोझोलिना. देवाच्या घरी हेतू बघतात.”

“हेतू आरांचीना खायचाच होता, फादर. आहे की नाही तेवढं सांगा.”

“एका दृष्टीने बघितलं तर तो पावापासून होतो खरा. दुसऱ्या दृष्टीने बघितलं तर तो नंतर पाव राहत नाही.”

“मग गव्हाचं पीठही गहू राहत नाही. ते चालेल का?”

पाद्रे लिबोरिओंनी कपाळ पुसलं. “हे मला बिशपसाहेबांना विचारावं लागेल.”

“बिशपसाहेब आज काय जेवतात?”

पाद्रे छताकडे बघू लागले.

“फादर?”

“आरांचीने,” ते पुटपुटले.

“किती?”

“चार. पाठवतात कॉन्व्हेंटच्या सिस्टर.”

“आणि तुम्ही?”

“मी पाच,” पाद्रे लिबोरिओ म्हणाले. “पण लहान होते.” आणि बिचारे काळ्या झग्याच्या पुढच्या भागाकडे बघून हळूच बोटांनी काहीतरी झटकू लागले.

यावर कोझिमो मटकन खाली बसला. गास्पारे घड्याळाकडे बघायला लागला. एर्मान्नो कोपऱ्यात उभा राहून सर्वांची क्षमा मागत होता, पण त्याच्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. चार वाजता डॉक्टर येणार, आणि म्हातारी काही पट्टी सोडू देणार नाही. ओलीवाला डॉक्टरांचे शब्द आठवले. डोळा हातचा जाईल. तिला रडू फुटेल असं वाटलं. रडायचं नाही हा नियम तिच्यासाठी नव्हता, पण सासूसमोर रडून चालणार नव्हतं. म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि हाताला काहीतरी काम हवं म्हणून ओटा आवरायला लागली.

कढई बाजूला केली. मैद्याचं वाडगं धुतलं. मग परात उचलली. परातीच्या कडेला कालचा उरलेला चुरा होता, बारीक, एकसारखा, खडा म्हणून नाही. शेजारी किसणी. खिळ्याला रोझोलिनाचा एप्रन अडकवलेला होता, त्याच्या खिशाच्या शिवणीतसुद्धा चुरा.

ओलीवा परात हातात घेऊन उभी राहिली ती उभीच राहिली.

मान कुठे हलतेय, मनगट हलतंय.

काल कुणी किसला होता पाव? गेल्या वर्षी कुणी किसला? त्याच्या आदल्या वर्षी? मैद्यात पाणी किती घालायचं, ते नऊ वर्षांपूर्वी ओलीवाला कुणी शिकवलं होतं? “मधासारखं सैल, दुधासारखं नाही,” हे कुणाचे शब्द? अठ्ठावन्न वर्षं! त्यातली चाळीस तरी म्हातारीने आपल्या हातांनी पाव किसून, चाळून, त्यात आरांचीने घोळवले होते. तिला माहीत नव्हतं?

ओलीवाला आधी असा संताप आला की परात आपटावीशी वाटली. चौघांच्या तोंडचं पाणी पळवलं हिने! मग तिला ते अकरा वेळा विचारणं आठवलं. किती वाजले, ओलीवा? किती वाजले गं? आठ वाजून दहा मिनिटं म्हटल्यावर म्हातारी खुश होत नव्हती. दर वेळी खुर्चीचा हात जरा आणखी घट्ट धरत होती.

ओलीवा बाहेर आली. “फादर, गास्पारे, सगळेजण जरा जिन्यात थांबा. कोझिमो, तुम्हीही. एर्मान्नो, तुम्ही तर नक्कीच.”

दार लागलं. तिने सासूसमोर स्टूल ओढलं आणि परात तिच्या मांडीवर ठेवली. रोझोलिनाने एका हाताने पट्टी धरून दुसऱ्या हाताने चाचपलं. किसणीला बोटं लागली तशी ती थांबली.

“काल तुम्हीच किसलात, आई.”

म्हातारीने किसणी बाजूला सारली. बोटांनी परातीतला चुरा एकत्र करत राहिली.

“बारीक झाला होता की नाही?” शेवटी ती म्हणाली.

“फार बारीक.”

“तुला तसा जमत नाही.”

“नाही जमत. आई, का हो असं?”

“पट्टी आहे तोवर,” रोझोलिना म्हणाली, “दिसेल असं म्हणता येतं. आठ दिवस मी मनात सगळं बघत होते. समुद्र बघितला. गास्पारेचं टक्कल बघितलं. पट्टी सुटली की मग एकच उत्तर. नाहीच दिसलं तर मग मी काय करू? पुन्हा कुणाला मागू? ती माझी एकच संत आहे गं.”

ओलीवाने तिचा हात धरला.

“त्या पोराने विचारलं,” रोझोलिना पुढे म्हणाली, “आणि मला बरं वाटलं. म्हटलं, चला, कारण मिळालं. नाही दिसलं तर चुऱ्यामुळे. माझ्यामुळे नाही, तिच्यामुळेही नाही.”

“माझ्यामुळे,” ओलीवा म्हणाली.

“काय?”

“नाही दिसलं तर माझ्यामुळे म्हणा. आज सगळं मीच केलं होतं. बेसावध सुनेने व्रत मोडलं, असं सांगा गल्लीला. नाही तरी सुरीखाली घातलं म्हणतातच. त्यात हे एक.”

रोझोलिनाने लक्ष देऊन ऐकलं. “चालेल तुला?”

“चालेल.”

“दोन्ना कार्मेला वर्षभर बोलेल.”

“बोलू द्या.”

“आणि चुरा तूच किसला होतास म्हणू?”

“मीच किसला होता. म्हणून तर जाड राहिला.”

म्हातारीच्या ओठांच्या कडा हलल्या. “हसवू नकोस,” ती म्हणाली, “टाके आहेत.” आणि तिने पट्टीवरचा हात खाली घेतला.

डॉक्टर त्राइना चारला दहा मिनिटं कमी असताना आले. घाईत होते, त्यांना पुढे आईकडे जेवायला जायचं होतं. जिन्यात पाद्री, कंडक्टर, तळणवाला आणि टेलिफोनवाला ओळीने बसलेले बघून त्यांनी काही विचारलं नाही. सगळे त्यांच्यामागून आत आले; कोझिमो आणि एर्मान्नो दारातच थांबले. डॉक्टरांनी खिडकीचा पडदा लावून खोलीत अंधार केला, हात धुतले, आणि पट्टी उलगडायला सुरुवात केली. एक वेढा. दोन वेढे. खाली रांगेतसुद्धा कुणी बोलत नव्हतं. कोझिमोने कढईखालची आच बंद केली होती.

शेवटचा कापूस निघाला. रोझोलिनाची पापणी चिकटली होती. डॉक्टरांनी ती कोमट पाण्याने पुसली.

“उघडा हळूहळू.”

तिने डोळा उघडला.

“काय दिसतंय?”

“धुकं,” रोझोलिना म्हणाली. आवाजात काही म्हणजे काही नव्हतं. ओलीवाने गास्पारेचं मनगट इतकं आवळलं की तो कळवळला.

“असणारच,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी बॅगेतून एक वजनदार चष्मा काढला. त्याचं डावं भिंग बाटलीच्या बुडाएवढं जाड होतं. तो तिच्या नाकावर बसवला, पडदा वीतभर सरकवला आणि वाकून तिच्यासमोर बोटं धरली. “ही किती?”

रोझोलिना बोटांकडे बघेना. भिंगामागचा डोळा, आता बशीएवढा मोठा दिसणारा, डॉक्टरांच्या गळ्याखाली कुठेतरी खिळला होता.

“दोन्ना रोझोलिना, बोटं किती?”

“बोटं राहू द्या,” ती म्हणाली. “डॉक्टरसाहेब, तुमच्या निळ्या टायवर ते काय सांडलंय?”

डॉक्टरांनी खाली बघितलं. टायवर, गाठीच्या जरा खाली, तांबूस चुऱ्याचे तीन कण होते.

“ते... दवाखान्यात सिस्टरने दिले होते दोन. आरांचीने.” डॉक्टर त्राइनांनाही सांता लुचियाचा दिवस माहीत होता. ते कानापर्यंत लाल झाले. “पावाचा चुरा असावा.”

पाद्रे लिबोरिओंनी क्रॉस मुठीत धरला. दारातून कोझिमोने झारा पाठीमागे लपवला. सगळं पालेर्मो त्या क्षणी एका म्हातारीच्या एका डोळ्याकडे बघत होतं.

“काळजी करू नका, डॉक्टरसाहेब,” रोझोलिना म्हणाली. “चुरा म्हणजे काही पाव नव्हे.”

कोझिमो तीन-तीन पायऱ्या उतरत खाली धावला. “दिसलं! दिसलं! आणि चालतो! चुरा चालतो!” तो रस्त्यातून ओरडला, आणि रांगेने अशी आरोळी ठोकली की चर्चवरची कबुतरं उडाली. ओलीवा मोकळेपणाने रडली. गास्पारेही रडला. पाद्रे लिबोरिओ म्हणाले, “अगदी हेच मला म्हणायचं होतं.”

रोझोलिना डोळाभर बघत होती. मुलाचं टक्कल बघितलं. मनात पाहिलं होतं त्याहून मोठं निघालं. मग सुनेकडे वळली. बराच वेळ बघत राहिली. “तुझ्या बाहीचं बटण कधीपासून तुटलंय?” तिने विचारलं, आणि ओलीवाला आणखीच रडू आलं. मग म्हातारीची नजर ताटातल्या आरांचीन्यांवर गेली. “आणि ही काय संत्री? लिंबं वळलीस की. म्हणून माझ्या पोटात अडीच मावले.”

एर्मान्नो इतका वेळ दाराच्या चौकटीत उभा होता. त्याच्यासारखा आनंद कुणालाच झाला नसेल, कारण आपल्यामुळे एका बाईचा डोळा जात होता, या विचाराने तो अर्धमेला झाला होता. तो दोन पावलं पुढे आला. चष्मा पुसला. कपाळावर एक बारीक आठी पडली.

“पण मग,” त्याने तोंड उघडलं, “तो मैद्याचा...”

रोझोलिना खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. दोन वर्षांपूर्वी तिला टपालपेटी आणि शेजारीण यांतला फरक कळत नव्हता. आता तिने त्या जाड भिंगातून एर्मान्नोचे ओठ विलग होताना स्वच्छ बघितले. मान हलवायची नाही हा नियम तिने तेवढ्यापुरता मोडला, ताटातला एक लिंबाएवढा आरांचीना उचलला आणि ओलीवाच्या हातात दिला. ओलीवा खोली ओलांडून गेली आणि तिने तो अख्खा एर्मान्नोच्या तोंडात घातला.

एर्मान्नोची बदली पुढे झालीच नाही. त्या गल्लीत तो एकतीस वर्षं राहिला, आणि दर तेरा डिसेंबरला जेवायला खाली येत राहिला. दर वर्षी तो चार आरांचीने खाई, खीर पुन्हा मागून घेई, जेवण फार छान झालं असं म्हणे, आणि त्यापलीकडे अवाक्षर काढत नसे.